कोरलेल्या कुलस्मृती : नाणेघाट ते निकेलची चकती

जुन्नरच्या पठारावरून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याशी सातवाहनांचे एक लेणे आहे. त्याच्या दोन बाजूंच्या भिंतींवर राणी नागनिकेचा दीर्घ लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेला असून त्यात राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दाने यांची नोंद आहे. अभ्यासक हा लेख सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. समोरच्या भिंतीवर एके काळी त्या घराण्यातील व्यक्तींच्या आठ आकृती एका ओळीत कोरलेल्या होत्या. आजच्या भाषेत सांगायचे तर ते एका कुटुंबाचे समूहचित्र होते. आज त्या आकृती नाहीत. कुठे पावलांच्या खुणा दिसतात, एवढेच. मात्र प्रत्येक आकृतीच्या डोक्यावर कोरलेली नावे बव्हंशी शिल्लक आहेत : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि श्रीसातकर्णी, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. दोन हजार वर्षांत चित्रे गेली आणि नावे राहिली.

आपल्या घरांतील परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. वडोदरे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथे चार-पाच पिढ्या स्थायिक झालेल्या कोणत्याही मराठी घरातील जुनी पेटी उघडून पाहावी. पागोटे घातलेले गृहस्थ, नऊवारीतील स्त्रिया, पायाशी बसलेली मुले यांची जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली छायाचित्रे निघतील. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला छायाचित्रकाराचे नाव आणि गाव सोनेरी अक्षरांत सुबक छापलेले असते. ज्यांचे चित्र काढले त्यांचे नाव मात्र कुठेही नसते. त्या काळी ते लिहिण्याची गरज कुणाला भासली नाही, कारण घरातील प्रत्येकाला ते ठाऊक होते. आज ते ठाऊक असलेली शेवटची व्यक्ती कित्येक घरांतून निघून गेली आहे. चित्रे राहिली, नावे गेली.

अलीकडे घराण्याच्या हकिकती आणि छायाचित्रे धातूच्या वा सिरॅमिकच्या लहानशा तुकड्यावर अतिसूक्ष्म आकारात कोरून देण्याची सोय झाली आहे. परदेशी स्थायिक झालेली मुले-नातवंडे अशा वस्तूंविषयी उत्साहाने बोलतात. 'हजार वर्षे टिकेल' हे शब्द ऐकायला गोड लागतात. परंतु पदार्थ टिकणे आणि त्यावरील स्मृती टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या दोहोंचा मेळ आपल्या पूर्वजांनी कसा घातला, कुठे साधला आणि कुठे साधला नाही, हे पाहिल्यास आज आपण काय कोरावे याचा निर्णय सोपा होईल, असे वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

लहान आकार, टिकाऊ पदार्थ आणि कुळाची हकिकत या तीन गोष्टी आपल्याकडे प्रथम एकत्र आल्या त्या ताम्रपटात. याज्ञवल्क्यस्मृतीत राजाने भूमिदान केल्यावर त्याचा लेख कसा करावा याचा नियम सांगितला आहे. कापडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर आपल्या पूर्वजांची व स्वतःची नावे लिहावीत, दानाचे वर्णन करावे, मुद्रा उमटवावी, आणि हे पुढे येणाऱ्या सज्जन राजांना कळावे म्हणून करावे, असा त्याचा आशय. हा लेख समकालीनांसाठी नव्हता. अद्याप न जन्मलेल्या वाचकाला उद्देशून तो लिहिला जात असे.

ताम्रपटाची घडण पाहिली की तो करणाऱ्यांची दूरदृष्टी ध्यानात येते. बहुधा दोन-तीन किंवा अधिक पत्रे एका कडीत ओवलेले असत आणि कडीच्या जोडावर राजमुद्रा असे. पहिल्या पत्र्याची बाहेरची आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू अनेकदा कोरी ठेवीत, म्हणजे झीज होईल ती कोऱ्या बाजूची होई. पत्र्याच्या कडा किंचित उचललेल्या असत, त्यामुळे पत्रे एकमेकांवर ठेवले तरी अक्षरांना अक्षरे घासत नसत. कोल्हापूर भागातील सामानगड येथे सापडलेला राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा ताम्रपट शके ६७५ चा, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या मध्यातला आहे. बेळगाव जिल्ह्यातील हलशी येथे मिळालेले कदंबांचे ताम्रपट त्याहूनही जुने आहेत. नांगराच्या फाळाला लागून किंवा पाया खणताना असे पट निघतात. बारा-पंधरा शतके जमिनीत राहूनही ते वाचता येतात.

याच ताम्रपटांनी इतिहाससंशोधकांना एक सावधगिरीही शिकवली. त्यांत बनावट पटही पुष्कळ आहेत. जमिनीवर हक्क सांगण्यासाठी कुणी जुन्या राजाच्या नावे पट कोरून घेतला आणि वंशावळ हवी तशी ताणली, अशी उदाहरणे कोरीव लेखांच्या अभ्यासात नवी नाहीत. धातूवर कोरले म्हणून असत्याचे सत्य होत नाही. ते असत्य अधिक काळ टिकते, इतकेच.

राजघराण्यांचे हे झाले. सामान्य कुटुंबांनी आपल्या पूर्वजांना धातूत जतन केले ते देव्हाऱ्यात. मराठी मुलखात अनेक कुळांच्या देवघरांत टाक असतात. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यावर आकृती उठवायची, ही त्याची रीत. खंडोबा, भवानी, भैरव यांच्या टाकांबरोबर काही घरांत 'वीर' म्हणून पूर्वजाचा टाकही असतो. नाशिकला धुलिवंदनाच्या दिवशी अशा वीरांची मिरवणूक निघते, लोक आपापल्या घरचे टाक घेऊन वाजतगाजत जातात आणि गोदावरीत त्यांना स्नान घालतात. दोन बोटे रुंदीची ही वस्तू स्थलांतरित कुटुंबाला कमरेच्या कशात बांधून नेता येते. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या फौजांबरोबर आणि पुढे त्यांच्या दप्तरांबरोबर नर्मदेपलीकडे व गुजरातेत आलेल्या किती घराण्यांचे देव अशाच रीतीने इकडे आले असतील!

टाकाची थोरवी अशी की त्याला दरवर्षी हातात घेण्याचा दिवस ठरलेला आहे. वस्तू बाहेर निघते, मुले विचारतात, वडीलधारी सांगतात. त्याची उणीव अशी की त्यावर नाव नसते. ठसा सर्वांना सारखाच. घोड्यावरील तो तलवारधारी पुरुष पणजोबांचे आजोबा की त्यांचे बंधू, हे सांगणारा गेला की वीर नुसताच 'वीर' उरतो. पूजा चालू राहते आणि व्यक्ती हरवते.

नाव कोरण्याचे काम आपल्या घरांत दुसऱ्या एका वस्तूने केले, ती म्हणजे भांडी. लग्नात, मुंजीत, डोहाळेजेवणात आलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावे घालण्याची चाल विसाव्या शतकात आपल्याकडे सार्वत्रिक होती. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नावे घालून देणारा कारागीर बसे. लहानशा छिन्नीने टिंबाशेजारी टिंब ठोकीत तो काठाखाली अक्षरांची ओळ उमटवी. भेट कुणाला, कुणाकडून, कोणत्या प्रसंगी, कोणत्या तारखेस, हे सारे दोन ओळींत येई. कुळाचा इतिहास लिहिण्याचा हेतू त्यात मुळीच नव्हता. भांडे शेजारी गेले तर परत यावे, हा व्यवहार त्यामागे होता. तरीही माझ्या मते आपल्या घराण्यांचे सर्वांत विश्वसनीय कोरीव दप्तर हेच आहे, कारण त्या नोंदी प्रसंगाच्या वेळीच झाल्या आणि त्यांत बढाई मारण्याचे कुणाला कारण नव्हते.

या दप्तराचा आणखी एक विशेष आहे. आपल्या छापील वंशावळी बहुधा पुरुषांच्या असतात. झाडाला फांद्या फुटत जातात, पण त्या फांद्यांवर आजी, पणजी, आत्या यांची नावे क्वचितच दिसतात. भांड्यांवर मात्र स्त्रियांची नावे सापडतात. चि. सौ. कां. असे लिहून पुढे नववधूचे नाव, खाली मामांचे किंवा मावशीचे नाव. माहेरची भांडी सासरी गेली आणि त्यांच्याबरोबर माहेरचे नावही गेले. आमच्या घरात पणजीचे माहेरचे आडनाव कोणत्याही कागदात नव्हते, ते एका पितळी डब्याच्या झाकणावर मिळाले. पुढे स्टेनलेस स्टीलची चलती झाली तेव्हा मोडीच्या भावाने तांबे-पितळ देऊन घरोघरी स्टीलची भांडी आली. त्या व्यवहारात धातूचे वजन झाले, अक्षरांचे कुणी केले नाही. जी उरली त्यांचीही अक्षरे चिंच लावून घासता घासता पुसट झाली आहेत. ज्यांच्या माळ्यावर अशी भांडी अद्याप असतील, त्यांनी ती विकण्यापूर्वी काठाखाली एकदा पाहावे.

आता दगडाकडे वळू. आपल्या घराण्याचा इतिहास परमुलखात कोरून ठेवण्याचा सर्वांत मोठा मराठी प्रयत्न झाला तो तंजावरास. थोरल्या महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी इ. स. १६७५-७६ च्या सुमारास तेथे राज्य स्थापले. दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर बसले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रज कंपनीच्या हाती गेला. राजांकडे किल्ला, मानमरातब आणि तनखा उरला. त्यानंतर चार वर्षांनी, १८०३ मध्ये, त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारभिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. विस्ताराच्या दृष्टीने तो आपल्याकडील थोर शिलालेखांपैकी एक आहे. राज्य गेले होते. नव्या पिढीला ते दिसणार नव्हते. तेव्हा आपण कोण, कोठून आलो, हे मूळ मुलखापासून शेकडो कोस दूर, तमिळ भाषेच्या प्रदेशात, आठशे वर्षे जुन्या चोळ मंदिराच्या दगडावर लिहून ठेवावे, असे त्या राजाला वाटले. १८५५ मध्ये औरस पुत्रावाचून राजे निवर्तले आणि संस्थान खालसा झाले. लेख आजही भिंतीवर आहे.

परंतु तो वाचतो कोण? मंदिरात दररोज हजारो भाविक व प्रवासी येतात. त्यांतील बहुसंख्यांना तमिळ येते, मराठी येत नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांच्या रुमालांचीही गोष्ट वेगळी नाही. कागद सुरक्षित आहेत, ते वाचू शकणारे मोजके. आपल्या घरांतही हेच घडले आहे. मोडी शाळांतून गेली तशी पणजोबांची पत्रे आपल्याला परकी झाली. नातवंडांच्या बाबतीत हीच पाळी देवनागरीवर येऊ पाहते आहे. वडोदऱ्यातील मुलगा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतो, बेळगावची मुलगी कन्नड, हैदराबादची तेलुगू शिकते, आणि परदेशातील नातवाला तर रोमन लिपीखेरीज दुसरी ठाऊक नसते. तो मराठी बोलतो, समजतो, पण वाचत नाही. त्याच्यासाठी केवळ देवनागरीत कोरलेली चकती ही आपल्यासाठी मोडी जशी, तशीच ठरेल.

अतिसूक्ष्म लेखनाची विद्या पाश्चात्त्यांकडे एकोणिसाव्या शतकात विकसित झाली. छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर यांनी लवकरच सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची चिमुकली छायाचित्रे तयार केली. फ्रान्समध्ये रने दाग्राँ यांनी १८५९ मध्ये सूक्ष्मचित्रपटाचे एकस्व घेतले. टाचणीच्या डोक्याएवढे चित्र लहानशा भिंगाच्या कांडीला चिकटवून ती कांडी अंगठीत, लोलकात, टाकाच्या दांडीत बसवीत. डोळ्याशी धरले की आप्तांचा चेहरा मोठा दिसे. भिंगासह चित्र ही त्यातील खरी युक्ती होती. पाहण्याचे साधन वस्तूतच होते, ते शोधायला जावे लागत नसे. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला, तेव्हा याच दाग्राँ यांच्या सूक्ष्मचित्रांवर हजारो निरोप उतरवून ते कबुतरांच्या शेपटीच्या पिसाला बांधून शहरात पाठवण्यात आले. त्यांत सरकारी खलित्यांबरोबर ताटातूट झालेल्या कुटुंबांची खुशालीही होती.

विसाव्या शतकात याहून लांबचा पल्ला गाठला गेला. १९७७ मध्ये अवकाशात सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तीत शंभरांहून अधिक चित्रे, संगीत आणि ५५ भाषांतील अभिवादने आहेत, आणि त्यांत मराठीही आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. मला अधिक उद्बोधक वाटते ते तबकडीचे आवरण. ती कशी वाजवावी, सुई कुठे ठेवावी, चित्रे कशी उलगडावीत, याच्या आकृती त्या आवरणावर कोरल्या आहेत. वाचक कोण असेल हे ठाऊक नाही, म्हणून वाचण्याची रीतही सोबत पाठवली.

अमेरिकेतील 'लाँग नाऊ फाउंडेशन' या संस्थेने २००८ मध्ये पूर्ण केलेली 'रोझेटा' चकती निकेलची असून तिचा व्यास सुमारे साडेसात सेंटिमीटर आहे. तीवर दीड हजार भाषांविषयीची तेरा हजारांहून अधिक पाने सूक्ष्म आकारात आहेत. ही पाने संगणकाच्या सांकेतिक भाषेत नाहीत, पानांची प्रत्यक्ष प्रतिमाच आहे. त्यामुळे वाचण्यास संगणक लागत नाही, सूक्ष्मदर्शक पुरतो. चकतीच्या दुसऱ्या बाजूला आठ भाषांतील मजकूर काठाशी डोळ्यांना दिसेल इतक्या मोठ्या अक्षरांत सुरू होतो आणि मळसूत्रासारखा फिरत आत बारीक होत जातो. हाती घेणाऱ्याला न सांगता कळते की भिंग घ्यावे, आत आणखी काही आहे. हे वाचताना मला आपल्या वडोदरे राज्यात १९३१ मध्ये निघालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' या कोशाची आठवण झाली. राज्यकारभारातील संज्ञांचे पर्याय त्यातही आठ भाषांत दिले होते. बहुभाषिक वस्तीत लिहिलेले टिकायचे तर ते एकाहून अधिक भाषांत लिहावे लागते, हे श्रीमंत सयाजीरावांच्या दरबाराला उमगले होते. त्याच्याही आधी आदिलशाही दप्तरातून फारसी आणि मराठी मजकूर एकाच कागदावर असलेले लेख निघतच होते.

ऑस्ट्रियातील हालश्टाट येथील मिठाच्या जुन्या खाणीत मार्टिन कुन्झे यांनी २०१२ पासून 'मेमरी ऑफ मँकाइंड' हा संग्रह उभारण्यास आरंभ केला. सिरॅमिकच्या फरशांवर मजकूर व चित्रे भाजून त्या खाणीत ठेवतात. ग्रंथ, संशोधन यांबरोबर सामान्य माणसेही आपल्या कुटुंबाची हकिकत तेथे ठेवू शकतात. सहभागी होणाऱ्यास सिरॅमिकची एक लहान चकती मिळते आणि तीवर संग्रहाचे ठिकाण नकाशारूपाने कोरलेले असते. मूळ एका जागी, खूण अनेकांच्या घरी, ही योजना विचार करण्याजोगी आहे.

या सर्व उदाहरणांतून आपल्या घरांसाठी काय घ्यावे? माझी हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेली. तेथे प्रत्येक कागदाचे अ, ब, क, ड असे वर्ग करावे लागत. अ म्हणजे कायम, ब तीस वर्षे, आणि ड तर वर्षभरात नष्ट करायचा. ही पद्धत घरालाही लागू करण्यासारखी आहे. सगळेच कोरून ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. कुटुंबाच्या हजार छायाचित्रांपैकी अ वर्गात दहा बसली तरी पुष्कळ. उरलेल्यांच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे लिहून ती कोरड्या जागी ठेवावीत.

धातूच्या पट्टीवर किती मजकूर मावतो याचा हिशेब साधा आहे. ८० मिलिमीटर लांब व ५० मिलिमीटर रुंद पट्टी घ्यावी, चारी बाजूंना ५ मिलिमीटर समास सोडावा आणि अक्षर एक मिलिमीटर उंच ठेवावे. सुमारे पंचवीस ओळी बसतात, ओळीत दहा-बारा शब्द, म्हणजे अडीचशे ते तीनशे शब्द. साध्या भिंगाने ते वाचता येतात. याहून सूक्ष्म करता येते, पण देवनागरीला त्यात धोका आहे. रोमन अक्षर एका ओळीत उभे राहते, तर आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार असतात, शिवाय जोडाक्षरे. आकार फार लहान केला की प्रथम अनुस्वार बुजतो, आणि अनुस्वार गेला की चिंतेची चिता होते. कोरण्याआधी कागदावर त्याच आकारात छापून घरातील वृद्धांकडून भिंगाखाली वाचून घ्यावे. पृष्ठभागावर केवळ रंग पालटणारी लेझरची खूण घासून जाऊ शकते. प्रत्यक्ष धातू कापून खोल गेलेले अक्षर अधिक टिकाऊ, हे ताम्रपटांवरून दिसतेच. चांदी काळी पडते आणि ती उजळताना अक्षरे झिजतात, म्हणून रोज हाताळण्याच्या वस्तूसाठी पोलाद बरे.

छायाचित्र कोरताना करड्या छटा बारीक ठिपक्यांत उतरवाव्या लागतात. त्यामुळे समूहचित्रातील लहान चेहरे ओळखू येत नाहीत. एकेकट्याचा किंवा दोघांचा मोठा चेहरा घ्यावा. त्याखाली नाव, जन्माचे व मृत्यूचे वर्ष, गाव आणि नाते हे चार तपशील अवश्य असावेत. नाते लिहिताना 'आजोबा' असे लिहू नये, कारण वाचणारा बदलला की आजोबाही बदलतात. अमक्याचे वडील, अमकीचे पती, असे लिहावे. स्त्रियांची माहेरची व सासरची दोन्ही नावे द्यावीत. नागनिकेच्या लेण्यात राणीचे नाव राजाच्या शेजारी आहे. दोन हजार वर्षांनंतर आपल्या वंशावळीतही ते यायला हरकत नसावी.

हकिकतीचा मजकूर ठरवणे सर्वांत कठीण. आम्ही भावंडांनी तो अडीचशे शब्दांत बसवण्याचा घाट घातला, तेव्हा पहिल्या बैठकीतच मतभेद झाला. एका बंधूंचे म्हणणे असे की संस्थानच्या नोकरीतील हुद्दे, मिळालेला पोशाख, वाडा यांची नोंद असावी. धाकट्या बहिणीने विचारले, पणजोबा अकाली गेल्यावर सात वर्षे घर चालवले ते कुणी? बालपणी विधवा होऊन माहेरी परतलेल्या आत्यांनी लोकांच्या घरी स्वयंपाक करून चार मुले शिकवली, हे सर्वांना ठाऊक होते. मोठ्याने मात्र ते कधी बोलले गेले नव्हते. त्या मुलांपैकी एक आमचे आजोबा. थोडा वेळ कुणी काही बोलले नाही. मग त्याच बंधूंनी पोशाखाची ओळ खोडली आणि तेथे आत्यांचे नाव घातले. त्यांचे छायाचित्र नाही. टाक तर असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पट्टीखेरीज त्यांचे नाव आता कुठेही लिहिलेले नाही.

मजकुरात ऐकीव काय आणि कागदोपत्री काय, हे वेगळे दाखवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. 'घरात सांगत असत' एवढे तीन शब्द पुरतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांच्या हातच्या नोंदी असतात. कुलवृत्तांत छापलेला असेल तर तोही पाहावा आणि नावे ताडून मगच कोरण्यास द्यावीत. कागदावरची चूक दुरुस्त होते, धातूवरची होत नाही. मजकूर देवनागरीत आणि ज्या प्रांतात नातवंडे वाढतात तेथील लिपीत, अथवा रोमन लिपीत, असा दोनदा द्यावा. पट्टी एकच करू नये. एक घरी, एक लेकीकडे, एक परगावच्या भावाकडे असावी. तिला वर्षातून एकदा हातात घेण्याचा दिवस ठरवावा. सर्वपित्री अमावास्या त्यासाठी योग्य वाटते. त्या दिवशी घरातील सर्वांत लहान वाचत्या मुलाने ती भिंगाखाली धरून मोठ्याने वाचावी.

पण हे सारे पुढचे. पोलाद बाजारात केव्हाही मिळेल आणि कोरण्याची यंत्रे उत्तरोत्तर स्वस्तच होतील. ज्यांना जुन्या छायाचित्रांतील चेहरे ओळखता येतात अशी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून सभासद बंधुभगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते की येत्या रविवारी ती जुनी पेटी खाली काढावी, घरातील किंवा नात्यातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशी बसावे, एकेक छायाचित्र त्यांच्या हाती द्यावे आणि त्या जे सांगतील ते पेन्सिलीने पाठीवर लिहून घ्यावे. डावीकडून उजवीकडे, मागच्या रांगेपासून, आणि स्त्रियांची नावे त्यांच्या माहेरच्या नावांसह.